तक्रार क्रमांक आणि रिकामा हंडा

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी एकच तक्रार सहा वेळा नोंदवली. आमच्या सोसायटीत पाणी येत नव्हतं. अगदीच येत नव्हतं असं नाही; पहाटे साडेचारला यायचं, चाळीस मिनिटं टिकायचं, आणि दाब इतका कमी की खालच्या टाकीत जेमतेम वीतभर साठायचं. उरलेला दिवस टँकरवर. शहराचं नाव लिहीत नाही, कारण महाराष्ट्रातल्या निम्म्या शहरांच्या कडेला राहणाऱ्यांना ते आपलंच वाटेल.

तक्रार करायला ॲप होतं. फोटो टाका, प्रभाग निवडा, क्रमांक घ्या. दोन-तीन दिवसांनी मेसेज यायचा की आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. मी नळ उघडून बघायचो. नळ कोरडा. मग पुन्हा तक्रार, पुन्हा नवा क्रमांक, पुन्हा निराकरण.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे मला राग आला तरी आश्चर्य वाटलं नाही. आमच्याकडेही तिकीट बंद करण्याची घाई असते. आठवड्याच्या शेवटी किती तिकिटं बंद झाली याचा आकडा वर जातो. ज्याची अडचण होती तो माणूस आकड्यात नसतो. म्हणून मी इंजिनिअरासारखाच विचार केला. सोसायटीच्या मुख्य जोडणीवर प्रेशर गेज बसवून घेतला, वॉचमनकाकांना रोज आकडा लिहायला सांगितला, महिनाभराचा आलेख काढला आणि पाणीखात्याच्या ईमेलवर पाठवला. मला वाटलं होतं, आता तरी कुणीतरी बघेल. कुणीच बघितलं नाही.

त्या दिवसांत आजी आमच्याकडे राहायला होती. बाबांची आई, वय ब्याऐंशी. आयुष्याची तीसेक वर्षं तिनं मुंबईत गोरेगावला काढली. माझा आलेख तिनं चष्मा लावून बघितला आणि विचारलं, "हे सगळं बरोबर आहे रे, पण तुम्ही मिळून कुणाकडे गेलात का?"

"कुणाकडे जाणार? नगरसेवकच नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

म्हणजे निवडणूकच झालेली नाही, तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक आहेत, असं मी समजावून सांगितलं. आजीला ते खरं वाटेना. थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, "मग विचारणार कोण?"

इथे एक कबुली द्यायला हवी. मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली, तेव्हा मला बरंच वाटलं होतं. नगरसेवक म्हणजे माझ्या लेखी वाढदिवसाचे फ्लेक्स, गणपतीची वर्गणी, रस्ता खणणारे कंत्राटदार आणि टक्केवारी. मधला दलाल गेला, आता नागरिक आणि प्रशासन थेट बोलतील, मध्ये फक्त एक ॲप असेल, असं मला वाटलं होतं. आजीच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी वाचायला लागलो. नगरसेवक ही जागा आली कुठून, तिचं काम नेमकं काय, आणि आजी जिला अजून 'पाणीवाली बाई' म्हणते त्या मृणाल गोरे यांनी त्या जागेवरून काय केलं, एवढंच मला शोधायचं होतं.

अधिकार एकाचा, जाब अनेकांचा

मुंबईपासूनच सुरुवात करू. १८६५ च्या कायद्यानं मुंबईला एक ताकदवान म्युनिसिपल कमिशनर मिळाला, आर्थर क्रॉफर्ड. ज्याच्या नावानं पुढे क्रॉफर्ड मार्केट झालं तोच. माणूस कामाचा होता. गटारं, रस्ते, बाजार यांवर त्यानं झपाट्यानं खर्च केला. इतका की तिजोरीचा मेळ बसेना. त्याच्यावर देखरेख ठेवायला जस्टिस ऑफ द पीस मंडळींची सभा होती, पण तिचा लगाम सैल होता. १८७१ मध्ये करदाते खवळले आणि क्रॉफर्डला जावं लागलं.

त्या वादात सव्वीस वर्षांच्या एका बॅरिस्टरनं उलट सूर लावला. फिरोजशहा मेहता यांचं म्हणणं साधारण असं होतं, की दोष एका माणसाच्या हाती कारभार असण्याचा नाही. कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे राहू द्या, पण त्याला जाब विचारणारी सभा लोकांनी निवडलेली असू द्या. क्रॉफर्डवर चिडलेल्या लोकांना तेव्हा हे फारसं रुचलं नाही. पण १८७२ च्या कायद्यानं चौसष्ट जणांची महापालिका आली, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. पुढे १८८८ चा कायदा आला, त्याच्या घडणीत मेहतांचा मोठा वाटा होता. मुंबई महापालिका आजही त्याच कायद्यावर चालते.

या कायद्याची गंमत समजली आणि माझा निम्मा गैरसमज गळून पडला. कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे. नगरसेवकाकडे काय? तो पाइप टाकू शकत नाही, कुणाची बदली करू शकत नाही, चावीवाल्याला व्हॉल्व्ह उघड म्हणून कायदेशीर हुकूम देऊ शकत नाही. तो सभेत प्रश्न विचारू शकतो, ठराव मांडू शकतो, अंदाजपत्रकावर बोलू शकतो, समितीत बसून खर्चाला हो किंवा नाही म्हणू शकतो. म्हणजे त्याच्या हातात मुख्यतः एकच हत्यार आहे: उत्तर मागण्याचा हक्क.

आमच्या धंद्यात एक साधा नियम असतो. ज्यानं कोड लिहिला त्यानंच तो तपासून मंजूर करायचा नाही. माणूस वाईट असतो म्हणून हा नियम नसतो. आपलीच चूक आपल्याला दिसत नाही म्हणून असतो. मुंबईनं हा नियम दीडशे वर्षांपूर्वी कायद्यात लिहिला होता आणि मी मात्र तो मोडला गेल्यावर खूश झालो होतो.

अर्थात, 'लोकांनी निवडलेली सभा' या शब्दांतले 'लोक' म्हणजे तेव्हा फारच थोडे. मत करदात्यांना, म्हणजे मालमत्तावाल्यांना. १९२२ मध्ये महिना दहा रुपये भाडं भरणाऱ्यांपर्यंत ते आलं. नळावर रांग लावणाऱ्या प्रत्येक प्रौढ बाईच्या हातात महापालिकेचं मत यायला मुंबईत १९४८ साल उजाडावं लागलं.

ठराव आणि नळ यांच्यातलं अंतर

मत मिळण्याआधीही काहींनी ही जागा वापरली. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. सरकारनं नेमलेले. नेमणाऱ्याला आवडेल तेवढंच बोलायचं असा त्या काळचा रिवाज असणार. फुल्यांनी १८८० मध्ये नगरपालिकेला पत्र लिहिलं, ते गावात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांबद्दल. विषय अगदी वॉर्डातला, गल्लीतला. कुणाचा पगार घरी पोचतो आणि कुणाचा वाटेत संपतो, एवढ्यापुरता. पण तो नगरपालिकेच्या कागदावर आला.

कागदावर आल्यानं प्रश्न सुटतो असं मात्र नाही, आणि याचं सर्वांत कडू उदाहरण महाडचं. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या असाव्यात. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेनं जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. अध्यक्ष होते सुरेंद्रनाथ टिपणीस. ठराव झाला, इतिवृत्तात गेला, आणि तीन वर्षं तिथेच राहिला. तळ्यावर जाऊन कुणी पाणी भरू शकलं नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारोंना घेऊन तळ्यावर गेले, ओंजळीनं पाणी प्याले, आणि परतणाऱ्या लोकांना मार खावा लागला. त्यानंतर त्याच नगरपालिकेनं ऑगस्ट १९२७ मध्ये आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयातून निकाल लागायला १९३७ उजाडलं.

महाडची ही गोष्ट शाळेत शिकलो होतो, पण नगरपालिकेची गोष्ट म्हणून कधी वाचली नव्हती. त्या सभागृहात हात वर झाले होते. मंजुरी होती. माझ्या ॲपच्या भाषेत, तक्रारीचे निराकरण करण्यात आले होते. फक्त पाणी नव्हतं. ठराव आणि नळ यांच्यामध्ये जे अंतर असतं ते माणसांनी चालून पार करावं लागतं, आणि चालणाऱ्यांच्या पाठीशी सभागृह उभं राहिलं नाही तर ठराव मागेही घेता येतो.

ही दोन कामं, सभागृहात बोलणं आणि रस्त्यावर चालणं, एकाच माणसानं वर्षानुवर्षं एकत्र केली तर काय होतं, ते मला गोरेगावात सापडलं.

तलावाच्या पायथ्याशी तहान

नकाशा उघडून बघा. गोरेगावच्या पूर्वेला आरे, आणि आरेच्या पलीकडे डोंगरात विहार तलाव. मुंबई शहराला नळानं पाणी मिळालं ते पहिल्यांदा याच तलावातून, १८६० मध्ये. मागून १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. म्हणजे शहराबाहेरच्या डोंगरात पाणी साठवायचं आणि ते दक्षिणेला शहरात न्यायचं. तलाव ज्यांच्या अंगणात ती गावं शहराच्या हद्दीबाहेर होती. ती विहिरींवर जगत होती.

स्वातंत्र्यानंतर हद्द सरकली. १९५० मध्ये मुंबईची सीमा अंधेरीच्या पुढे जोगेश्वरीपर्यंत आली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. गोरेगाव मुंबईत आलं. त्याच वर्षी वैतरणेचं पाणीही आलं. महापालिकेचे अभियंता मोडक यांच्या नावानं त्या तलावाला आपण मोडक सागर म्हणतो. पण हद्द एका ठरावानं सरकते, जलवाहिनी नाही. कारखाने आले, चाळी वाढल्या, टेकड्यांवर झोपड्या चढल्या. नळाला पाणी नव्हतं.

यात थोडं यंत्रशास्त्रही आहे. पाइपातून पाणी वाहताना घर्षणानं दाब कमी होत जातो. पाइप जितका लांब तितका जास्त, आणि प्रवाह दुप्पट झाला तर घट साधारण चौपट. त्यामुळे जुन्या वाहिनीवर नवी वस्ती जोडत गेलं, की पाण्याची टंचाई सगळ्यांत समान वाटली जात नाही. ती टोकाला जाऊन साठते. टोकाला आणि उंचावर कोण राहतं, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. वर झोपड्यांच्या बाबतीत एक कागदी अडचणही होती. वस्ती अनधिकृत, तिला नळ दिला तर ती अधिकृत होईल, म्हणून नळ नाही. तहान कायदेशीर आहे की बेकायदेशीर, हे आधी ठरायचं.

अशा गोरेगावातून १९६१ मध्ये मृणाल गोरे प्रजासमाजवादी पक्षाच्या उमेदवार म्हणून महापालिकेत निवडून गेल्या. वय तेहेतीस. माहेरच्या मोहिले. वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या कामात पडल्या, तिथलेच कार्यकर्ते केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी १९४८ मध्ये लग्न केलं. दोघांनी गोरेगावात संसार मांडला आणि कामही तिथेच उभं केलं. १९५८ मध्ये बंडू गोरे गेले. पदरी लहान मुलगी. तीन वर्षांनी मृणालताई नगरसेविका झाल्या.

त्यांच्याआधी मुंबईच्या सभागृहात बायका नव्हत्या असं नाही. अवंतिकाबाई गोखले १९२० च्या दशकातच तिथे पोचल्या होत्या. १९६१ मध्येच परळ-दादरच्या कामगार चळवळीतून आलेल्या अहिल्या रांगणेकरही निवडून आल्या. पण मृणालताईंनी जो विषय धरला तो बायकांचाच मानला गेला होता, आणि म्हणूनच कुणाच्या विषयपत्रिकेवर नव्हता. पाणी भरणं हे घरकाम. घरकामाचा ठराव कसला करायचा?

आजीचा पितळी हंडा

आजी लग्न होऊन १९६२ मध्ये गोरेगावात आली. पश्चिमेला, स्टेशनपासून वीस मिनिटं चालत, दोन खोल्यांची चाळ. खाली एक सार्वजनिक नळ. पाणी रात्री कधीतरी यायचं. "कधीतरी म्हणजे कधी?" मी विचारलं. माझ्या डोक्यात आलेख होता. तिनं उत्तर दिलं, "कधीतरी म्हणजे झोपायचं नाही." भांड्यांची रांग लावून बायका ओट्यावर बसायच्या. नळातून आधी हवेचा फुस्स आवाज यायचा, तो ऐकू आला की सगळ्या उठायच्या. आजोबांची पहिली पाळी असायची, म्हणून तिला पहाटे डबा करायचा असे. झोप दुपारी, मिळाली तर.

हंडा मोर्च्याला ती पहिल्यांदा गेली तेव्हा बाबा वर्षाचे होते. त्यांना कडेवर घेतलं होतं. तिला भाषणं आठवत नाहीत. घोषणा थोड्या आठवतात. तिला पक्कं आठवतं ते हे, की घरून निघताना हंडा कुठला न्यायचा यावर तिचं आणि सासूबाईंचं वाजलं. माहेरून आलेला पितळी हंडा गर्दीत चेपेल, पत्र्याची बादली ने, असं सासूबाईंचं म्हणणं. आजीनं पितळी हंडाच नेला. "रिकामा होता ना, मग दिसायला तरी चांगला नको?" असं ती मला म्हणाली, आणि हसली.

दुसरी गोष्ट तिला आठवते ती ऑफिसातल्या साहेबांची. तोपर्यंत तिला वाटायचं, पाणी येत नाही ते आपल्या नशिबानं, किंवा वरच्या चाळीतल्या बायका आधी भरतात म्हणून. भांडण त्यांच्याशीच व्हायचं. त्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की पाणी सोडणारा एक माणूस असतो, त्याच्यावर एक साहेब असतो, त्याचं टेबल असतं, आणि त्या टेबलासमोर जाऊन उभं राहता येतं. वरच्या चाळीतल्या बायकाही शेजारीच उभ्या होत्या, आपापले हंडे घेऊन.

मृणालताईंच्या कामाची रीत मला या आठवणीतून जास्त कळली. मोर्चे, घेराव, निवेदनं यांच्या बातम्या होतात. पण त्यांच्या मागे रोजचं काम होतं: कुठल्या गल्लीत किती घरं, नळ किती, पाणी किती वाजता, अर्ज कुठे अडकलाय, हे सगळं गोळा करायचं आणि सभागृहात जाऊन त्यावर उत्तर मागायचं. उत्तर मिळालं नाही तर माणसं घेऊन ऑफिसात जायचं. आश्वासन मिळालं की ते पुन्हा सभागृहात धरायचं. महाडमध्ये ठराव तिथल्या तिथे सुकला होता. इथे ठरावामागे बायका चालत होत्या आणि बायकांच्या पुढे ठराव होता. सत्ता त्यांच्या पक्षाकडे नव्हती. अधिकार आयुक्ताकडे होता. तरी गोरेगावात हळूहळू नळ आले. लोकांनी त्यांना दिलेलं नाव कुठल्याही पदापेक्षा जास्त टिकलं: पाणीवाली बाई.

एक बारकावा महत्त्वाचा वाटतो. आजीच्या चाळीला पाणी आलं म्हणून तिचा एकटीचा प्रश्न सुटला, असं तिला वाटत नाही. ती म्हणते, "आमच्याकडे पाणी आलं." तिच्या बोलण्यात 'आम्ही' म्हणजे चाळ नव्हे, गोरेगाव. माझ्या ॲपवर 'आम्ही' लिहायला जागाच नव्हती. एक फोन नंबर, एक तक्रार, एक क्रमांक. आमच्या सोसायटीतल्या चाळीस घरांनी वेगवेगळ्या तक्रारी केल्या होत्या हे मला नंतर कळलं. यंत्रणेच्या लेखी त्या चाळीस एकटी माणसं होती, आणि प्रत्येकाचं निराकरण झालं होतं.

हंड्यापासून लाटण्यापर्यंत

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते अनेकांना माहीत आहे. १९७२ मध्ये मृणालताई विधानसभेत गेल्या. दुष्काळाचं साल होतं, रॉकेल, तेल, साखर महागलेली. अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी आणि त्या अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका महागाई प्रतिकार समितीत एकत्र आल्या आणि हजारो गृहिणी लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरल्या. यातल्या दंडवतेही १९६८ पासून काही वर्षं मुंबईच्या नगरसेविका होत्या. पक्ष वेगळे असलेल्या या बायकांनी वॉर्डातला नळ आणि रेशनचं दुकान बघितलं होतं, म्हणून त्यांना एकमेकींची भाषा कळत होती, असं मला वाटतं.

आणीबाणीत मृणालताई आधी भूमिगत होत्या, मग तुरुंगात गेल्या. १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या, तेव्हा 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा गाजली. अहिल्याताईही त्याच वेळी लोकसभेत गेल्या. पुढे मृणालताईंनी बाबूराव सामंत आणि इतर सहकाऱ्यांबरोबर नागरी निवारा परिषदेतून दिंडोशीच्या जमिनीवर साध्या उत्पन्नाच्या माणसांसाठी सहा हजारांवर घरं उभी करून घेतली. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या महाराष्ट्राच्या १९८८ च्या कायद्यामागेही त्यांचा पाठपुरावा होता. १७ जुलै २०१२ ला त्या गेल्या.

गोरेगावात आता त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. मी त्यावरून गेलोय. पूल उपयोगाचा आहे, वेळ वाचतो. पण त्यांचं खरं स्मारक पुलाखालून जातं, जमिनीत, आणि ते दिसत नाही.

त्यांचा प्रश्न मात्र संपला नाही. 'अनधिकृत वस्तीला पाणी कसं द्यायचं' हे वाक्य पुढची पन्नास वर्षं चाललं. १९७६ ची झोपडपट्टी गणना झाली, फोटोपास आले, मग वर्षांच्या मर्यादा आल्या. अमुक सालाआधीची झोपडी असेल तर नळ. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं, की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी बेकायदा आहे म्हणून तो पूर्ण नाकारता येणार नाही. साठच्या दशकात हंडे घेऊन गेलेल्या बायकांनी हेच, कायद्याचं कलम न सांगता, सांगितलं होतं.

रिकाम्या खुर्च्या

१९९३ मध्ये लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं नगरपालिकांना घटनेत जागा दिली. पाणीपुरवठा त्यांच्या कामांच्या यादीत आला. बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रानं २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. मृणालताईंच्या वेळी सभागृहात मोजक्या बायका होत्या, आता निम्म्या. घटनेत आणखी एक साधी ओळ आहे: महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे.

ती ओळ महाराष्ट्रात मोडली. औरंगाबाद, नवी मुंबई, कोल्हापूर, कल्याण-डोंबिवली यांची मुदत २०२० मध्ये संपली, मुंबई-पुण्याची २०२२ मध्ये. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले चालले. शेवटी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्यायला लावल्या आणि २९ महापालिकांसाठी मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ ला. मधल्या काळात आयुक्तच प्रशासक. प्रस्ताव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच. स्वतःचा कोड स्वतःच तपासायचा, चार-चार, पाच-पाच वर्षं.

त्या काळात कामं झाली नाहीत असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी वेगानं झाली असतील. नगरसेवकांबद्दल मी आधी जे लिहिलं, फ्लेक्स आणि टक्केवारी, तेही खोटं नाही. सगळेच मृणाल गोरे नसतात. पण वाईट नगरसेवकाला पाच वर्षांनी पाडता येतं. आणि तो कितीही वाईट असला तरी त्याच्या दारात चाळीस माणसं उभी राहिली तर त्याला चाळीस मतं दिसतात. ॲपला चाळीस क्रमांक दिसतात.

सही असलेलं उत्तर

या जानेवारीत मी आयुष्यात पहिल्यांदा महापालिकेला मत दिलं. आमच्या प्रभागातून ज्या बाई निवडून आल्या त्यांना मी दिलं नव्हतं. फेब्रुवारीत आम्ही त्यांच्या ऑफिसात गेलो. सोसायटीतले बावीस जण, आणि मागच्या बैठ्या वस्तीतल्या पंधरा बायका. त्या वस्तीला आमच्याहूनही कमी पाणी येतं हे मला त्या दिवशी कळलं. टँकर परवडत नसल्यानं त्या आमच्याच टँकरवाल्याकडून ड्रमच्या भावानं पाणी घेत होत्या. इतके दिवस आम्हाला वाटत होतं, त्यांनी मधे मोटर लावल्यामुळे आमचा दाब कमी होतो. त्यांना आमच्याबद्दल तेच वाटत होतं.

आजीला न्यायचा विचार नव्हता, पण ती आली. हंडा आणला नाही. पितळी हंडा आता काकांकडे शोभेला आहे.

नगरसेविका बाईंनी माझा आलेख बघितला. त्या खूश झाल्या की वैतागल्या हे कळलं नाही. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या: मागच्या वस्तीचे आकडे आहेत का, आणि वाहिनी कुठल्या साली टाकली आहे. दोन्ही माझ्याकडे नव्हते. पुढचे पंधरा दिवस वस्तीतल्या दोन मुली आणि मी मिळून ते जमवले. मग त्यांनी लेखी प्रश्न दिला.

उत्तर आलं आहे. एक पानी. त्यात लिहिलं आहे की ही वाहिनी ज्या वर्षी टाकली त्या वेळी या भागात एवढी वस्ती नव्हती, दाब अपुरा आहे हे खात्याला मान्य आहे, वाढीव व्यासाची वाहिनी टाकण्याचा प्रस्ताव पुढच्या अंदाजपत्रकात आहे, आणि तोपर्यंत वस्तीला आणि सोसायटीला पाणी सोडण्याच्या वेळा वेगळ्या केल्या जातील. वेळा वेगळ्या झाल्या आहेत. आम्हाला आता सव्वा तास मिळतो, वस्तीला एक तास. टँकर अजून येतो, पण रोज नाही. वाहिनी येईल की नाही, ते पुढच्या अंदाजपत्रकात कळेल.

त्या उत्तराची प्रत मी आजीला वाचून दाखवली. तिनं विचारलं, "खाली सही आहे का कुणाची?"

आहे, मी म्हटलं. कार्यकारी अभियंत्याची. नाव, हुद्दा, तारीख.

"मग ठेव जपून," आजी म्हणाली. "परत जाताना लागेल."